भाषणकाकांचा उजवा हात

भाषणकाकांना तुम्ही ओळखता. शेजारच्या मुलाला क्षयरोग दिनावर बोलायचंय, एवढं कानावर पडायचा अवकाश, ते फुलस्केप घेऊन बसतात. सुरुवात 'सन्माननीय व्यासपीठ', शेवट 'जय हिंद, जय महाराष्ट्र', मध्ये ठासून भरलेल्या सनावळ्या. 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, हे चौथीतल्या पोराकडून वदवून घेतल्याशिवाय काकांना चैन पडत नाही. कॉखच्या नावाशेजारी समासात लाल शाईनं सूचना असते: 'इथे उजवा हात वर.' 15 ऑक्टोबरला हात धुण्याचा जागतिक दिवस, तेव्हाही हात वर. तो धुवायचा कसा, हे मात्र कागदावर नसतं. त्याच दिवशी वाचन प्रेरणा दिन असल्यानं कलामसाहेब आणि साबण एकाच झटक्यात उरकले जातात. 14 नोव्हेंबरला मधुमेह दिन आणि बालदिन जोडीनं येतात. साखरेविरुद्ध उगारलेला हात खाली येताना वाटपातलं चॉकलेट घेऊनच येतो.

या भाषणांत आरोग्य सोडून सगळं असतं, आणि ते नजरचुकीनं राहत नाही. आवेशाला खोकला आणि थुंकी हे शब्द मानवत नाहीत, म्हणून ते गळतात. जगातल्या साधारण दर चार क्षयरोग्यांपैकी एक भारतात आहे. म्हणजे समोर बसलेल्या मुलांपैकी कुणाच्या घरी हा आजार असणं मुळीच अशक्य नाही. औषधं सहसा सहा महिने घ्यावी लागतात आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडली तर जंतू पुढे त्यांना दाद देईनासा होतो, हे त्या मुलाला कळायला नको? खोकताना तोंडावर रुमाल धरावा, हे दाखवायला तो उजवा हात कामी आला असता. काका म्हणतील, पाठांतरानं सभाधीटपणा येतो. येतो, पण पहिला शब्द विसरेपर्यंतच. विषय कळलेलं मूल अडलं तर वेगळ्या शब्दांत सांगतं. घोकलेलं मूल हात वर करून तसंच उभं राहतं. इतिहास हवाच, हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. क्षय रक्तातून, घराण्यातून येतो, या समजुतीला कॉखच्या शोधानं धक्का दिला. पण आजही रोग लपवला जातो, मुलीचं लग्न मोडेल म्हणून. कॉख सांगायचा तो याचसाठी. काका तारीख सांगतात आणि हे गाळतात.

तरीही एक कबूल करायला हवं. ज्या घरात मुलाचा अभ्यास घ्यायला कुणाला सवड नसते, तिथलं पोर यांच्याच दारात येतं आणि रिकाम्या हातानं परत जात नाही. अडखळणाऱ्या मुलासाठी काका जोडाक्षरं बदलून देतात, पैसा घेत नाहीत, आणि कार्यक्रमात मागच्या रांगेत उभे राहून शब्दागणिक ओठ हलवतात. त्यांना स्वतःला शाळेत कुणी व्यासपीठावर चढवलं नसावं, असा संशय तेव्हा येतो. म्हणून काका, तुमची सनावळी राहू द्या, फक्त एक वाक्य वाढवा: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.