बुडालेला माणूस पाहिजे

स्कूबामध्ये ‘डाइव्हमास्टर’ झालं की दुसऱ्यांना पाण्याखाली न्यायचं काम मिळतं. त्याआधी पॅडी या संस्थेच्या पोहण्याच्या परीक्षा द्याव्या लागतात. चारशे मीटर न थांबता पोहायचं. पंधरा मिनिटं एका जागी तरंगायचं. मास्क, फिन्स आणि स्नॉर्केल लावून आठशे मीटर जायचं, तेही हात न वापरता. शेवटी निपचित पडलेल्या पाणबुड्याला शंभर मीटर ओढत न्यायचं. परीक्षेबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तयारी राजुरीत चालू आहे, एवढंच.

राजुरी आळेफाट्याजवळ, म्हणजे समुद्रापासून सह्याद्रीभर लांब. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. त्यानंतर समुद्रातून आमच्याकडे आलेली नोंद घेण्याजोगी गोष्ट म्हणजे सुके बोंबील. त्यामुळे सरावाला विहीर.

आमची विहीर चाळीस फूट रुंद, म्हणजे साधारण बारा मीटर. चारशेला बाराने भागलं की तेहतीस येतात आणि थोडं उरतं. त्या थोड्यात माझा दम जातो. कडेकडेने गोल पोहलं तर तेरा फेऱ्यांत भागतं, पण सहाव्या फेरीपासून गरगरायला लागतं आणि मोटारीचा पाइप दर फेरीला त्याच खांद्याला लागतो. हे अंतर साडेसहा मिनिटांच्या आत कापलं तर पाचपैकी पाच गुण आणि तेरा मिनिटांच्या वर गेलं तर एक. मला पहिल्यांदा एकोणीस मिनिटं लागली. त्यातली चार काठावर बसलेल्या आमच्या तात्यांना उत्तरं देण्यात गेली. पोहताना उत्तर नाही दिलं तर ते पुन्हा विचारतात, आणि मोठ्याने.

आता वेळेचं. शेतीची वीज एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. दिवसाच्या आठवड्यात मोटार चालू, त्यामुळे मी तरंगतो तिथेच असतो आणि पाणी खाली जातं. वर यायच्या पायऱ्या दर पाच मिनिटांनी एकेक वाढतात. रात्रीच्या आठवड्यात दिवसा विहीर शांत, पाणी भरपूर. रात्रभर उसाला पाणी धरून माणसं दिवसा झोपत असतील, असं तुम्हाला वाटेल. ती विहिरीवर येऊन बसतात. संध्याकाळी कोणी नसतं, कारण सहानंतर त्या उसातून बिबट्या फिरतो. तेवढाच एक मला सल्ला देत नाही, म्हणून त्याच्याबद्दल आदर आहे.

तरंगण्याच्या परीक्षेत शेवटची दोन मिनिटं दोन्ही हात पाण्याबाहेर ठेवायचे असतात. विहिरीत कोणी दोन्ही हात वर केले की काय करायचं हे राजुरीत लहान पोरालाही माहीत आहे. पहिल्या दिवशी दोर आला, ट्यूब आली आणि शेजारचा एक जण अंगावरच्या कपड्यांसकट आला. त्याला मी वर काढला. दुसऱ्या दिवसापासून मी आधी सांगून हात वर करतो. त्यावर तात्या विचारतात, “शरण कोणाला चाललास?”

आठशे मीटरला विहीर पुरत नाही, म्हणून एका ओळखीच्यांचं शेततळं मागितलं. तीस मीटर लांब, तीस रुंद. सत्तावीस फेऱ्या. पाण्यात तोंड खाली घालून, वर फक्त नळी. उतारावरचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पट्टीचा पोहणाराही दोराशिवाय वर येत नाही, म्हणून मी दोर बांधून, एक माणूस काठावर बसवून उतरतो. त्या माणसाचं काम दोराकडे बघायचं. तो नळीकडे बघून फोनवर लोकांना बोलावतो. फिन्सने कागद फाटेल म्हणून मालकाने तिसऱ्या दिवशी नकार दिला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागद महाग असतो.

आजीला आधी मी काय शिकतोय ते कळत नव्हतं. पाणबुड्या होतोय म्हटल्यावर तिने पदर तोंडाला लावून विचारलं, “कोण बुडालं?” आमच्याकडे पाणबुड्याला बोलावतात ते त्यासाठीच. मालवणजवळ तारकर्लीला सरकारच्या पर्यटन महामंडळानेच हे शिकवायची संस्था काढली आहे, तिथे लोक हौसेने पैसे भरून बुडी मारतात, असं मी समजावलं. तिने तिच्या भावाची आठवण काढली. तो पाठीला सुका भोपळा बांधून फुकट शिकला होता.

राहता राहिलं ओढून नेणं. निपचित पडण्यासाठी चुलतभाऊ तयार झाला. अट एकच होती की निपचित पडायचं. पहिल्या फेरीत त्याने मला पाय कसे मारायचे ते शिकवलं. दुसरीत काठावरच्या माणसाला आळेफाट्याचा कांद्याचा भाव विचारला आणि भाव ऐकून उठून बसायचा प्रयत्न केला. पाण्यात उठून बसता येत नाही, त्यामुळे आम्ही दोघेही खाली गेलो. तिसऱ्या फेरीत त्याने डोळे मिटले, तोंडही मिटलं. मला फार बरं वाटलं. मग तो घोरायला लागला.

त्यामुळे सोमवारपासून माणसाऐवजी मी एक गोणी वापरतो. आत भुसा आणि वाळू, दोन बाजूंना झाकणं घट्ट लावलेले रिकामे कॅन. वजनाला भावाएवढीच आहे, बोलत नाही. तिच्यावर माझी वेळ दीड मिनिटाने सुधारली. बुधवारी काकूने गोणी परत मागितली. कांदे भरायचे आहेत.