विरळ गाव पाहिजे

कारखाना कुठं काढायचा हे पूर्वी पाणी, वीज, रस्ता आणि आमदाराचा मेहुणा बघून ठरायचं. आता त्यात साथरोगाची भर पडली आहे. सल्लागार मंडळी जागेच्या अहवालात एक नवा रकाना घालतात, ‘महामारीचा धोका’. आमच्या तालुक्यातल्या एका माळाला या रकान्यात ‘अत्यल्प’ असा शेरा मिळालाय. कारण काय, तर लोकसंख्येची घनता कमी.

कमी आहे हे खरंच. माळाला पाणी नाही, म्हणून माणसं टिकली नाहीत. तरणी पोरं भिवंडीला नाहीतर चाकणला गेली, म्हातारी तेवढी उरली. गाव ओस पडणं हा इतकी वर्षं आम्ही दुष्काळाचा दोष समजत होतो. तो आरोग्याचा गुण निघाला.

आता गंमत बघा. दाटीवाटी नको म्हणून कंपनी शहर सोडून इथं येणार. आली की शेड उभी राहणार, शेडमध्ये यंत्रं, आणि यंत्रांवर माणसं. सल्लागाराने धरली नसली तरी ती लागतातच. ठेकेदार दोन हजार माणसं कुठून कुठून गोळा करून आणणार. मग माळाच्या कडेला कुणीतरी दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोल्या काढणार. एका खोलीत आठ जण, दिवसपाळीवाले उठले की त्यांच्याच अंथरुणावर रातपाळीवाले आडवे होणार, वीस खोल्यांना एक संडास, नळ दिवसाआड. भाडं माणशी, डिपॉझिट रोख, पावती मागायची नाही. म्हणजे जिला भिऊन कंपनी शहरातून पळाली ती घनता, कंपनीचंच ओळखपत्र गळ्यात घालून, कंपनीच्याच बसने मागोमाग हजर. फक्त ती राहणार कुंपणाबाहेर, आणि अहवालातली घनता मोजलेली असते कुंपणाच्या आत. आत हिरवळ आहे, दोन टेबलांत सहा फूट अंतर आहे, गेटवर कपाळाला पिस्तूल लावून ताप बघणारा वॉचमन आहे. साहेबाच्या वाट्याला गुंठाभर हवा येते, कामगाराच्या वाट्याला अर्धी सतरंजी. सरासरी काढली की झकास! वैद्यकीय सोयीच्या रकान्यातही बरोबरची खूण आहे. उपकेंद्राची इमारत उभी आहेच, आणि तिचं कुलूपही चांगल्या कंपनीचं आहे.

मुंबईत १८९६ साली मांडवीला प्लेग निघाला, तेव्हा गिरण्या जागच्या हलल्या नाहीत. माणसं हलली. गाठोडी उचलून कोकणात गेली, घाटावर गेली. चात्या थांबल्या तेव्हा कुठं मालकांना उजाडलं. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लागली, एरवी तुंबवून ठेवायचा पगार रोजच्या रोज रोखीत मिळू लागला.

आणि २०२०? त्या वर्षी ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघाले होते, भुसावळला घरी जायची गाडी मिळेल म्हणून. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या सगळ्या देशानं बघितल्या. तेव्हा जागा निवडताना साथीचा विचार कुणी करत नव्हतं, मान्य. आता करताय ना? मग टाळेबंदी लागली तर मजूर कुठं राहील, काय खाईल, घरी कसा पोचेल, एवढं त्या रकान्यात लिहायला कुणाच्या बापाची शाई जाते? यांच्या हिशेबात माणूस येतो तो रोग पसरवणारा म्हणून. त्यालाही रोग होतो, हे कुठल्या रकान्यात बसतच नाही.

असो. खोल्या भरल्या की घनता वाढेल, ‘अत्यल्प’चं ‘मध्यम’ होईल आणि सल्लागार पुन्हा गाडी काढतील. पलीकडच्या डोंगराखाली एक वस्ती आहे, चार उंबरे आणि मेंढरं. तिथल्या सातबाऱ्यांवर गेल्या महिन्यात तीन नवी नावं चढली. तिघंही एकाच बंगल्यात राहतात.