पेशंट टेबलाखाली आहे

“घाम कपाळाला येतो की मानेला?” होमिओपॅथ डॉक्टर विचारतात.

“मानेला,” आई सांगते. “कपाळाला,” आजी दुरुस्ती करते, “मानेला घाम यायची पद्धत आमच्याकडे नाही.” बाबा काहीतरी बोलायला तोंड उघडतात आणि दोघींकडे बघून मिटतात. पेशंट, वय वर्षे तीन, टेबलाखाली बसून कान ओढतोय.

पुढे अंधाराला भितो का, कोणत्या कुशीवर झोपतो, गोड आवडतं की खारट, आणि हट्टी आहे का. तीन वर्षांचं मूल हट्टी आहे का, हे विचारायची फी असते. चिडलेलं मूल कडेवर घेतलं की तेवढ्यापुरतं गप्प होतं, ही होमिओपॅथीत कॅमोमिला नावाच्या औषधाची ठळक खूण. या हिशेबाने एसटी स्टँडवरची सगळी पोरं कॅमोमिलाचीच.

वजन मात्र कुणी केलेलं नाही. काट्यावर कॅलेंडरांचा गठ्ठा ठेवलाय.

आता खरं बोलायचं तर या खोलीत पाऊण तास मिळतो. पलीकडच्या गल्लीत बालरोगतज्ज्ञाकडे चाळिसावा नंबर लागतो, आणि आईचं पहिलं वाक्य संपायच्या आत प्रिस्क्रिप्शन फाडून हातात येतं. माणसं गोळ्यांसाठी इथे येतच नाहीत, ऐकणाऱ्या कानासाठी येतात. आईला दोन रात्रींनी पहिल्यांदा हलकं वाटतं, आजीचं म्हणणं कागदावर उतरतं. मोठ्यांना गुण येतो हो! दुखणारा कान तेवढा टेबलाखालीच राहतो. त्यात टॉर्च मारायचं कुणाला सुचत नाही.

गंमत म्हणजे हे प्राचीनांना सुचलं होतं. लहान मुलांच्या उपचारांवरचा आयुर्वेदातला मुख्य ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. त्यात वेदनाध्याय नावाचं प्रकरणच आहे: ज्याला सांगता येत नाही त्याला कुठे दुखतंय, हे कसं ओळखावं. कान दुखत असेल तर बाळ हातांनी कान चाचपतं, डोकं हलवतं, झोपत नाही. पोटात दुखत असेल तर अंगावर पीत नाही, उताणं पडून रडतं, पोट ताठ होतं. म्हणजे कश्यप ऋषी वाकून मुलाकडे बघत होते. त्यांचं नाव सांगणारे आजीकडे बघतात.

त्याच ग्रंथातून आपण उचललं काय, तर सुवर्णप्राशन. सोनं पाण्यात उगाळून मध-तुपातून चाटवा. महिन्यात मूल बुद्धिमान, सहा महिन्यांत एकदा ऐकलेलं न विसरणारं. निरीक्षणाचा अध्याय धूळ खातोय, बुद्धीचं चाटण मात्र दर सत्तावीस दिवसांनी, पुष्य नक्षत्र गाठून, रांगा लावून खपतंय. रांगेत चार-सहा महिन्यांची बाळंही असतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यात बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. असं क्वचितच होतं, पण होतं. हे सांगायला जावं तर उत्तर तयार: “अहो, नैसर्गिक आहे!” खरंय. तो जंतूही शंभर टक्के नैसर्गिक, अस्सल मातीतला.

“गोड गोळ्यांत काही नसतंच, मग अपाय कसला?” हे दुसरं ठेवणीतलं वाक्य. विशेष म्हणजे होमिओपॅथीचे भक्त आणि टीकाकार दोघंही ते म्हणतात. २०१७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाळांच्या दात येण्यावरच्या काही होमिओपॅथिक गोळ्या तपासल्या. बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण गोळीगणिक वेगळं निघालं, आणि काही गोळ्यांत तर लेबलावर लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. गोळीत काही नसतं म्हणणारे टीकाकार तिथे सपशेल खोटे पडले.