हिरवं पान, निळी सही

मोठ्या ऑफिसांत हल्ली 'हरित आयटी'चं ट्रेनिंग असतं. ते बहुधा मार्चमध्ये येतं, कारण पृथ्वीचा विनाश केव्हाही होवो, आर्थिक वर्ष एकतीस मार्चलाच संपतं. पडद्यावर एक हिरवं पान उमलतं, एक अतिशय समजूतदार आवाज हिमनद्या वितळत असल्याचं कळवतो आणि आपण 'पुढे' या बटणावर दहा-बारा वेळा बोट आपटलं की वितळणं थांबतं. मग परीक्षा. 'घरी जाताना मॉनिटरचं काय कराल?' पर्याय चार: बंद करू, चालू ठेवू, शेजारच्याचाही चालू करू, सांगता येत नाही. या परीक्षेत कुणी नापास झाल्याचं ऐकिवात नाही. प्रमाणपत्र ताबडतोब मिळतं आणि अप्रेझलच्या फायलीला लावण्यासाठी लोक त्याची रंगीत प्रिंट काढतात.

या उत्साहाचं सगळं श्रेय वसुंधरेला देऊ नये. 'सेबी'नं २०२१ मध्ये बीआरएसआर नावाचा अहवाल आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा केला. वीज किती जाळली, ई-कचरा किती टन निघाला, हे त्यात विचारलेलं असतं. किती टक्के लोकांना प्रशिक्षण दिलं हेही विचारलेलं असतं. पहिले दोन आकडे खाली आणायला पैसा, अक्कल आणि दोन-चार खात्यांशी भांडण लागतं. तिसरा शंभरावर न्यायला एक लिंक पुरते. माणसं कुठला रकाना आधी भरतील हे सांगायला ज्योतिषी नको. माझी तक्रार प्रशिक्षणाबद्दल नाही. ते चुकीच्या माणसांना दिलं जातं, एवढीच आहे. ज्याच्या हातात माउस आहे त्याला बसवून शिकवतात आणि ज्याच्या हातात पेन आहे तो त्या वेळी मीटिंगमध्ये असतो.

आता हिशेब मांडू. लॅपटॉप झोपलेला असताना साधारण एक वॅट खातो असं धरा. रोजचे सोळा तास, वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे सहा युनिट वीज. दीड टनाचा एसी तासाला सुमारे दीड युनिट घेतो. म्हणजे एका कर्मचाऱ्यानं वर्षभर व्रतस्थ राहून लॅपटॉप पूर्ण बंद केला, तर त्याचं पुण्य रिकाम्या कॉन्फरन्स रूमचा एसी एका दुपारी चार तासांत फस्त करतो. तोही अठरा अंशांवर लावलेला असतो, आणि मीटिंग चालू असेल तर शेवटच्या खुर्चीवरच्या बाई शाल पांघरून बसलेल्या असतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमानुसार २०२० पासून स्टार लेबलचे नवे रूम एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतात. त्यांना तिथून खाली खेचायला मात्र कुठलंही प्रशिक्षण लागत नाही.

वीज हा तरी मुख्य खर्च आहे का? लॅपटॉप कंपन्या आपल्या मॉडेलांचा कार्बन-हिशेब स्वतःच प्रसिद्ध करतात. त्यात दिसतं की लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातला अर्ध्याहून मोठा वाटा तो आपल्या टेबलावर येण्याआधीच होऊन गेलेला असतो: खाणीत, चिपच्या कारखान्यात, बोटीत आणि विमानात. एक लॅपटॉप घडवायला ढोबळमानानं दोनशे किलो कार्बन डायऑक्साइड धरू. हजार माणसांचं ऑफिस दर तीन वर्षांनी लॅपटॉप बदलत असेल, तर पंधरा वर्षांत पाच हजार विकत घेईल; पाच वर्षांनी बदलेल तर तीन हजार. फरक दोन हजार यंत्रांचा, म्हणजे चारशे टनांचा. आणि त्याच हजार माणसांनी पंधरा वर्षं एकही रात्र न चुकता लॅपटॉप बंद केले तर? युनिटमागे सुमारे ०.७ किलो, हा आपल्या देशातल्या विजेचा दर लावला तर त्रेसष्ट टन. एकीकडे हजार माणसांची पंधरा वर्षांची तपश्चर्या, दुसरीकडे परचेस खात्याच्या एका कागदावरची एक सही. आणि सही सहापटीनं जड. हिरवं पान मात्र त्या कागदावर कधी उमललेलं नाही.

यावर आयटी खात्याचं उत्तर तयार असतं: जुनं मशीन म्हणजे सुरक्षेला धोका. मुद्दा खरा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्यामुळे जगातले २४ कोटी संगणक भंगारात निघू शकतात असा अंदाज कॅनालिस या संस्थेनं २०२३ मध्येच वर्तवला होता. त्यांतले कित्येक बिघडलेले नव्हते. त्यांच्या प्रोसेसरची पिढी नव्या यादीत बसत नव्हती, इतकंच. (पत्रिका न जुळल्यानं धडधाकट स्थळ नाकारावं, तशातला प्रकार.) पण २०१८ नंतरचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ वर सुखानं चालतात. मग २०२२ मध्ये घेतलेलं यंत्र २०२५ मध्ये काढायचं ते कुठल्या धोक्यामुळे? धोका असतो तो तीन वर्षांची वॉरंटी संपण्याचा, आणि ती पैसे भरून वाढवता येते. बॅटरी दमली तर बदलता येते, रॅम कमी पडली तर पुष्कळ मॉडेलांत वाढवता येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दीड फूट रुंद काउंटरमागे बसलेले कारागीर हे काम वर्षानुवर्षं करत आलेत. शाश्वततेचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे नाही. ते मिळवायला वेळ कुठला, गिऱ्हाईक उभं असतं!

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे: थेंबे थेंबे तळे साचे. साचतं, पण खाली भोक नसेल तर. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ओव्हो एनर्जी या वीजकंपनीनं जाहीर केलं की प्रत्येक प्रौढ ब्रिटिश माणसानं रोज 'थँक यू'चा एक ईमेल कमी पाठवला, तर वर्षाला सोळा हजार टनांहून जास्त कार्बन वाचेल. आकडा भारदस्त वाटतो. त्या देशाचं वर्षाचं उत्सर्जन तेव्हा चाळीस कोटी टनांहून अधिक होतं. म्हणजे अख्ख्या राष्ट्रानं आभार मानायचं सोडून द्यायचं आणि पदरात शेकडा एक पैसासुद्धा पडायचा नाही. इंग्रजांकडून सौजन्य काढून घ्यायचं तर निदान किंमत तरी बरी मिळावी.

जाणीव झाली की सवय बदलते, हा तिसरा आक्षेप. सगळी प्रशिक्षणं याच श्रद्धेवर उभी आहेत. ही श्रद्धा स्वीडनमधल्या एका मोठ्या विद्यापीठात तपासून पाहिली गेली. एगेबार्क आणि एकस्ट्रॉम या संशोधकांनी कर्मचाऱ्यांना कागद वाचवण्याचं कळकळीचं आवाहन केलं. कागदाच्या वापरावर परिणाम शून्य. मग प्रिंटरची मूळ सेटिंग गुपचूप बदलून पाठपोट छपाईची केली, आणि वापर लगेच पंधरा टक्क्यांनी उतरून तसाच राहिला. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून एवढंच शिकायचं की माणसाच्या सद्सद्विवेकापेक्षा त्याच्या आळसावर भरवसा ठेवावा. तो जास्त टिकाऊ असतो. रात्रभर खरोखर चालू राहणारा जुना डेस्कटॉप साठ वॅट धरला तरी वर्षाला साडेतीनशे युनिट उगाच जाळतो, ही क्षुल्लक बाब नाही. पण त्यासाठी हजार जणांना हिमनद्या दाखवण्याची गरज नाही. वीस मिनिटं हात लागला नाही की झोप, अशी सेटिंग आयटी खात्यातला एक माणूस सगळ्या मशिनांवर एका दुपारी लावू शकतो. त्या एका माणसाला ट्रेनिंग द्या, आणि सोबत चहा.

राहिला प्रश्न जुन्या यंत्रांच्या अंत्यसंस्काराचा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार, वर्षात कधीही यादीतली किमान हजार उपकरणं वापरणारी संस्था 'मोठा ग्राहक' ठरते. लॅपटॉप, मॉनिटर, प्रिंटर, फोन मोजत गेलं तर तीन-चारशे माणसांचं ऑफिससुद्धा तिथे सहज पोहोचतं. असा माल फक्त नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीवाले किंवा रिसायकलर यांनाच द्यायचा असतो. पण गल्लीतला भंगारवाला किलोमागे चार रुपये जास्त देतो आणि ट्रेनिंगच्या यादीत अकाउंट्सचं नाव नसतं. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. उरलेल्यातला बराचसा माल दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांमध्ये फुटतो आणि वितळतो, आणि तिथे तो फोडणाऱ्यांच्या पडद्यावर समजूतदार आवाज येत नाही.

तेव्हा पुढच्या मार्चमध्ये लिंक आली की ट्रेनिंग जरूर पूर्ण करा. नाहीतर आठवणीचे सात ईमेल येतील. फक्त संपल्यावर पाठवणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: आपण लॅपटॉप किती वर्षं वापरतो, आणि नंतर ते कुणाला देतो? प्रत परचेसला आणि अकाउंट्सला ठेवा. उत्तर आलं, तर 'थँक यू' अवश्य लिहा. पृथ्वी तेवढं सोसेल.