फायनल_हेच घ्या

मूल जन्मलं की मराठी घरात नावासाठी पंचांग, पुस्तकं, मावश्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप असं सगळं कामाला लागतं. शेवटी आत्या पाळण्यावर वाकून कानात 'कुर्र' करते आणि नाव कायम होतं. संशोधनाच्या फायलीला आत्या नसते. तीन उन्हाळे गावोगाव हिंडून गोळा केलेल्या आकड्यांचं बारसं रात्री पावणेदोनला, पेंगत असलेला एखादा विद्यार्थी एकट्याने उरकतो. नाव ठेवतो 'फायनल'.

पुढे वंश वाढतो. 'फायनल_२', 'फायनल_सरांचे बदल', 'फायनल_सर म्हणाले आधीचंच बरं', 'फायनल_हेच घ्या'. आमच्या विभागात विहिरींच्या पाणीपातळीचा असा एक फोल्डर आहे. त्यात 'हेच घ्या'नंतर दोन महिन्यांनी 'फायनल_२'मध्ये कुणीतरी काहीतरी बदललंय. नेमकं काय, ते कुणाला ठाऊक नाही. पण पुसून टाकायची छाती सरांचीही होत नाही.

तारखांची कथा वेगळीच. '०३-०४' ही ३ एप्रिल की ४ मार्च? लग्नपत्रिकेत चालेल, निदान वार तरी छापलेला असतो. विहिरीच्या बाबतीत मात्र या दोन तारखांत महिनाभराचा उपसा असतो. आयएसओ ८६०१ या मानकाने १९८८ मध्येच सांगून ठेवलंय की आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२४-०४-०३. असं लिहिलं की फायली नावाने लावल्या तरी आपोआप काळाच्या क्रमाने उभ्या राहतात. तसंच 'विहीर_००२' लिहावं, नाहीतर बरेच प्रोग्राम एकनंतर थेट दहाव्या विहिरीवर उडी मारतात. हे सांगितल्यावर आमचा एक विद्यार्थी म्हणाला, "पण सर, आपल्याकडे विहिरी नव्वदच आहेत, दोन शून्यं कशाला?" पुढच्या हंगामात अनुदान वाढलं आणि विहिरी एकशे चाळीस झाल्या.

शिस्त नसली की यंत्र आपली शिस्त लावतं. 'मार्च१' आणि 'सेप्ट२' ही माणसाच्या जनुकांची नावं. एक्सेलने ती वाचली आणि अत्यंत मदतीच्या भावनेने त्यांचे १ मार्च आणि २ सप्टेंबर करून टाकले. २०१६ मध्ये कुणीतरी तपासलं, तर एक्सेलमध्ये जनुकांची यादी जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशांत असे घोटाळे सापडले. अखेर २०२० पर्यंत नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली: 'मार्चएफ१', 'सेप्टिन२'. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीला जे जमलं नाही, ते एका तक्त्याने करून दाखवलं. ही आपोआप होणारी दुरुस्ती बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये.

नाव नीट ठेवलं तरी आतल्या आकड्यांची ओळख उरतेच. तिला मेटाडेटा म्हणतात. त्यासाठी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी तज्ज्ञ जमले आणि त्यातून 'डब्लिन कोअर' निघालं: कर्ता कोण, विषय काय, तारीख कोणती, हक्क कुणाचे, असे पंधरा रकाने. आमच्या तक्त्यात रकाने तीनच: 'वि', 'खो', 'शेरा'. 'खो'खाली ४ लिहिलंय. चार काय? फूट, मीटर, की गावकऱ्यांनी सांगितलेले परस? हसू नका. पौंडांतले आकडे न्यूटनमधले समजल्यामुळे नासाचं एक यान १९९९ मध्ये मंगळाजवळ जाऊन नष्ट झालं. आमच्याकडे फक्त एक तालुका कागदोपत्री कोरडा पडला. आणि मोजमाप चुकलं तिथे -९९९९ लिहायची पद्धत कुणीतरी न सांगता पाळल्यामुळे एका गावाची सरासरी पाणीपातळी आकाशात गेली.

परवा बंगळुरूच्या एका संशोधिकेने आमचा डेटा मागवला. तिने विचारलं, "खोली जमिनीपासून मोजलीय की कठड्यापासून?" सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी विद्यार्थ्याकडे पाहिलं, विद्यार्थ्याने 'रीडमी' नावाची फाईल उघडली. आत एकच ओळ होती: 'नंतर लिहू.'

शेवटी तिला एक मोबाईल नंबर पाठवला. मोजणारा मुलगा आता एका बँकेत लागलाय. आमच्या विहिरींचा सगळा मेटाडेटा सध्या कॅश काउंटरवर बसतो आणि जेवणाच्या सुट्टीतच फोन उचलतो.