आंघोळीचं पाणी आणि पाच तारे

पुण्यात थंडी पडली की कपाटातून स्वेटर निघतात आणि भिंतीवरचे गीझर मान टाकतात. आमच्याही गीझरने टाकली. "आता घ्यायचा तो वीज वाचवणाराच," असं मी जाहीर केलं. घरात धोरण जाहीर झालं की समिती बसतेच.

आईचं मत बंबाला. तांब्याचा बंब, मधल्या नळकांड्यात करवंट्या आणि ढलप्या, वरून तांब्याभर गार ओतलं की तोटीतून तांब्याभर कढत बाहेर. "जो ओतेल त्याला मिळेल, फुकट कुणाला नाही! आणि राखेने भांडी निघायची ती वेगळी." योजना निर्दोष होती. पण चौथ्या मजल्यावर आम्ही बंब पेटवला, तर सोसायटीचे सेक्रेटरी लगेच दुसरा बंब बोलावतील. घंटा वाजवत येणारा.

गॅस गीझर बायकोने एका वाक्यात बाद केला. बंद बाथरूममध्ये त्याच्यामुळे कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, त्याला ना रंग ना वास. आणि आमचे चिरंजीव आत गेले की बाहेर कधी येतील ते त्यांनाही माहीत नसतं.

मग दुकान. विक्रेत्याने पाच ताऱ्यांचा गीझर दाखवला आणि स्वतःच्याच घरचा जावई असल्यासारखा त्याचं कौतुक करू लागला. मी विचारलं, "हे तारे कशाचे?" तो म्हणाला, "क्वालिटीचे!" खरं तर टाकीच्या गीझरवरचे तारे ठरतात ते पाणी नुसतं गरम ठेवण्यात २४ तासांत किती वीज वाया जाते, यावरून. पाणी तापवायला लागणारी वीज एका ताऱ्यालाही तेवढीच आणि पाच ताऱ्यांनाही जवळपास तेवढीच. थोडक्यात, पाच तारे म्हणजे बटण बंद करायला विसरणाऱ्यांची सोय. आमच्या घरात ते तारे वसूल होणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

त्याने मग हीट पंप काढला. हा हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. फ्रिजचाच उलटा उद्योग. एक युनिट वीज घेऊन साधारण तीन युनिटांची उष्णता देतो. वडील बँकेतून निवृत्त झालेले. ते एवढंच म्हणाले, "तिप्पट परतावा सांगणाऱ्याला आम्ही काउंटरवरूनच परत पाठवायचो." शास्त्र हीट पंपाच्या बाजूने होतं, किंमत वडिलांच्या.

उरला सौरबंब. ऊन फुकट, गच्ची सोसायटीची. म्हणजे अर्धा प्रश्न सूर्याचा आणि अर्धा सर्वसाधारण सभेचा. समोरच्या इमारतीत तो आहे. वरच्या मजल्यावर नळ सोडला की वाफ. तळमजल्यावरचे काका मात्र पाइपातलं गार पाणी निघून जाईस्तोवर बादल्या भरत बसतात. सगळ्यांत पहाटे उठणाऱ्याला कढत, उशिरा उठणाऱ्याला उपदेश. आणि पावसाळ्यात ढग आले की टाकीतली कॉइल लावायची, म्हणजे पुन्हा वीजच.

शेवटी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण अर्धं युनिट लागतं. मिनिटाला आठ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं की झाल्या चार बादल्या, म्हणजे जवळजवळ दोन युनिटं. आईची आंघोळ एका बादलीत उरकते आणि त्यातूनही पाय धुवायला पाणी उरतं. चिरंजीवांचा शॉवर दोन गाणी संपेपर्यंत चालतो, आणि त्यांची गाणी लांब असतात. हा फरक भरून काढेल असा तारा कुठल्याच गीझरवर चिकटवलेला नाही.

समितीचा निकाल असा लागला: १५ लिटरचा, जाड आवरणाचा साधा गीझर, आंघोळीआधी चालू, आंघोळ होताच बंद, शॉवर फक्त रविवारी. चिरंजीवांनी मतभेदाची टिपणी जोडली आहे.

तुम्हीही दुकानात जाण्याआधी एवढं करा: शॉवरखाली बादली ठेवा आणि ती किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघा. कुठलं यंत्र घ्यायचं ते मग ठरवा. बिल कुठे वाढतंय हे दुकानदारापेक्षा ती बादली खरं सांगेल.