शुभ लाल, तोंड उघडं

तैवानमध्ये १९८६च्या सुमारास सिक्लिड माशांचा संकर करून ‘ब्लड पॅरट’ जन्माला घातला गेला. आईबाप नेमके कोण, हे पैदासकारांनी गुपितच ठेवलं. जाणकारांचा संशय मध्य अमेरिकेतल्या मिडास आणि रेडहेड या घराण्यांवर. रंग लालभडक, अंग गरगरीत. तोंड मात्र नीट मिटत नाही, म्हणून बिचारा घास घशातल्या दातांनी चिरडतो. नर बहुतेक निर्बीज. म्हणजे कुळ लपवलं, वंश खुंटवला, चेहरा बिघडवला; पण लाल रंग शुभ ना! तो फिका पडू नये म्हणून रंग खुलवणारं खाद्य वेगळं. एवढ्यावर हौस भागत नाही, तेव्हा काहींची शेपटी कापून त्यांना बदामाचा आकार देतात. घ्यायचाच असेल, तर निदान शेपूट शाबूत असलेला घ्या.